सत्ताविसावी जोडी

नोंद वेगळी करण्यासाठी अर्ज

काळ्या शाईनं भरावा. चूक झाल्यास एकच आडवी रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला दुरुस्ती, वेळ आणि सही.

रकाना १. अर्ज करणाऱ्याचं पद

कारकून, रेकॉर्ड विभाग. तळमजला, क्ष-किरण खोलीच्या मागे. चौदा वर्षं.

शिवाय विद्यार्थिनी. हे अर्जात विचारलेलं नाही, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी विद्यापीठात आरोग्य माहिती व्यवस्थापन शिकते. म्हणजे रुग्णांचे कागद कसे ठेवायचे, कसे शोधायचे, कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही. "चौदा वर्षं तेच तर करतेस," असं माझी लेक म्हणते. "माशानं पोहायचा क्लास लावावा, तसं आहे तुझं." वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी लेकीहून दोनच वर्षांनी मोठी आहे. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा शिकवायला आलेय असं समजून तिनं फळा पुसून दिला.

पहिल्या तासाला बाईंनी जे सांगितलं ते मला आधीपासून येत होतं. रेकॉर्डमधलं काही पुसायचं नाही. पांढरी शाई नाही, ब्लेड नाही, पान फाडणं नाही. एकच रेघ. कारण उद्या कोणी विचारलं, की तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं, तर त्याचं उत्तर त्या चुकीतच असतं.

हा अर्ज मी तसाच भरते आहे. जिथे आधी खोटं लिहिलं गेलं, तिथे ते राहू दिलंय.

रकाना २. कोणती नोंद

एक. खरं तर दोन.

एकाच माणसाच्या दोन नोंदी होणं हे आमच्याकडचं जुनं दुखणं. माणूस एकदा पाय मोडून येतो, दुसऱ्यांदा खोकला घेऊन येतो, आणि खिडकीवरचा कारकून घाईत नवीच नोंद उघडतो. अर्धा माणूस एका क्रमांकाखाली, अर्धा दुसऱ्या. म्हणून रोज सकाळी संगणक दुबार वाटणाऱ्या जोड्यांची यादी काढतो. दोन नोंदी शेजारी शेजारी दिसतात. मी बघायचं, आणि एकच माणूस आहे असं वाटलं तर 'एकत्र करा' दाबायचं. त्याला कोणाची सही लागत नाही. वेगळं करायला मात्र हा अर्ज आणि तीन सह्या.

"लग्न झटपट, काडीमोड मात्र कोर्टातून," असं फाइलमामा म्हणतात. मामा आमच्यातले सर्वांत जुने. निवृत्तीला वर्षसुद्धा उरलेलं नाही. कपाटांच्या कोणत्या फळीवर कोणतं साल आहे हे ते दिवे गेल्यावरही सांगतील. मला प्रवेश मिळाल्यापासून ते मला विद्यापीठ म्हणतात. "या विद्यापीठ. आज जरा उशीर झाला विद्यापीठाला."

गेल्या हिवाळ्यात सर्वांत जास्त जोड्या मी लावल्या. साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, फलकावर माझं नाव लावलं. विद्यापीठासाठी शिफारसपत्रही त्यावरूनच दिलं. पत्रात 'अचूक' हा शब्द दोनदा होता. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे.

रकाना ३. चूक कशी लक्षात आली

गृहपाठामुळे.

बाईंनी सांगितलं होतं: आपापल्या कामाच्या जागी एकत्र केलेल्या तीस जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडा, मूळ कागदांशी ताडून पाहा, किती चुकल्या ते शेकड्यात काढा. शुक्रवारी जमा करा.

साहेबांनी परवानगी दिली. मामांनी कपाटांतून कागद काढून दिले आणि माझ्या टेबलावर ठेवताना दर वेळी म्हणाले, "घ्या, विद्यापीठाचा खुराक." बुधवारी दुपारपर्यंत सव्वीस झाल्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस बरोबर. मी मनातल्या मनात तीसही बरोबर धरून टाकल्या होत्या.

सत्ताविसावी.

नावाच्या जागी दोन्हीकडे आईचं नाव आणि पुढे 'बाळ'. नवजात मुलांना नाव नसतं, आम्ही अमकीचं बाळ असंच लिहितो. आई तीच, पत्ता तोच, फोन तोच. दोन्हीकडे मुलगी. जन्मतारीख तीच. वेळ एकीकडे चार वाजून दहा मिनिटं, दुसरीकडे चार बावीस. वजन एकीकडे दोन किलो चारशे, दुसरीकडे दोन दोनशे.

मला ती जोडी आठवली. इतक्या शेकड्यांमधून आठवली, कारण त्या दिवशी मी स्वतःवर खूश झाले होते. वेळेतला फरक घड्याळांचा: प्रसूतीच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. वजनातला फरक बाळाचा: जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळांचं वजन थोडं उतरतं. म्हणजे एक नोंद प्रसूतीच्या खोलीत उघडलेली, दुसरी नंतर बाळांच्या वॉर्डात. एकच बाळ. दुसरा कोणी कारकून इथे अडला असता, त्यानं मामांना हाक मारली असती. मी अडले नाही. मला थोडं जास्त माहीत होतं ना.

आईची कागदी फाइल मी उघडली. चौथ्या पानावर डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात: जुळं, दोन्ही मुली. त्याच्या खाली शाईत उमटवलेले इवले पाय. मी मोजले. चार. अंगठ्यापासून परत मोजले.

दुसऱ्या मुलीची नोंद वॉर्डात उघडली गेली आणि 'बाळ दोन' लिहायचं राहिलं. ती चूक त्यांची.

दुरुस्ती: राहिलं ते त्यांचं. एकत्र मी केलं.

मग एकत्र झालेली नोंद वरून खाली वाचली. त्यात कानांची तपासणी होती. आमच्याकडे घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाच्या कानांशी एक छोटं यंत्र धरतात. पहिल्या तारखेला लिहिलं होतं: दोन्ही कान, पुन्हा तपासावे. दोन दिवसांनी: दोन्ही कान ठीक. एका बाळाची गोष्ट म्हणून हे फार नीट बसतं. बाळांच्या कानांत सुरुवातीला पाणी असतं, पहिली तपासणी फसते, दुसरी ठीक येते. रोजचंच आहे. वाचणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही.

पण तपासण्या एकेकच झाल्या होत्या, एकेका मुलीची एकेक. थोरली काविळीसाठी दिव्याखाली होती म्हणून तिची दोन दिवस उशिरा झाली. ती ठीक. धाकटीची, चार बावीसच्या मुलीची, पुन्हा व्हायची होती. तिला बोलावणारं पत्र संगणक आपोआप पाठवतो. संगणकाला ती माहीतच नव्हती. मी तिला बहिणीत मिसळून टाकलं होतं. बोलावण्याऐवजी घरी एकच पत्र गेलं, महिन्याभरानं: तुमच्या बाळाची श्रवण तपासणी पूर्ण झाली असून निकाल समाधानकारक आहे.

मी तारखा मोजल्या. मुलगी आज सात महिने अकरा दिवसांची.

कान-तपासणीच्या दारावर एक पत्रक चिकटवलेलं आहे. चौदा वर्षं मी त्याच्यासमोरून डबा खायला जाते. बुधवारी पहिल्यांदा थांबून वाचलं. ऐकू येत नसेल तर सहा महिन्यांच्या आत यंत्र बसणं चांगलं, म्हणजे बोलणं वयाप्रमाणे यायची शक्यता वाढते. पुढे लिहिलंय, उशीर झाला असल्यास आणखी उशीर करू नका.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले.

दुरुस्ती: गेले नाही. फाइल मिटली, इतर फाइलींच्या तळाशी ठेवली, आणि चिठ्ठ्यांच्या डब्यातून आणखी एक चिठ्ठी काढली. गुडघा दुखणारा एक म्हातारा निघाला. दोन्हीकडे तोच म्हातारा. गृहपाठात सत्ताविसावा म्हणून मी त्याला लिहिलं. मग उरलेले तिघे. तीसपैकी तीस.

रकाना ४. चूक लक्षात आल्यापासून अर्ज करेपर्यंत लागलेला वेळ, आणि विलंब असल्यास कारण

एक दिवस. कारण: भीती.

रकाना मोठा आहे म्हणून पुढचं.

बुधवारी संध्याकाळी वर्ग होता. बाई बाकांमधून फिरत कोणाचं कुठवर आलं ते बघत होत्या. माझ्या वहीशी थांबल्या.

"सगळ्या बरोबर?"

"हो."

"तीसच्या तीस?"

"हो, बाई."

त्या माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "मग एक तर तुम्ही फार चांगल्या आहात, नाहीतर नीट बघितलं नाहीत. जमा करण्याआधी कोणतं ते ठरवा."

शेजारची मुलगी हसली. मीही हसले. माझे हात वहीवर होते, आणि वहीचं पान ओलं झालं होतं.

घरी आले तेव्हा लेक जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली होती. तिची परीक्षा, माझा गृहपाठ. आमच्यात अर्धं अर्धं टेबल ठरलेलं आहे. नवऱ्याचं म्हणणं असं, की या घरात आता जेवायचं असेल तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल. मी दारातून लेकीला हाक मारली. तिनं मान वर केली नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मी तिच्या पाठीमागे उभी राहून जोरात टाळी वाजवली.

"आई, काय झालंय तुला?" तिनं कानातले इअरफोन काढले.

"ऐकू येत नाही का?"

"गाणी लावली होती. एवढी पांढरी काय पडलीस?"

"काही नाही."

"गृहपाठ राहिला वाटतं. कान धरून उभी करा म्हणावं बाईंना."

मी हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

जेवताना मी तिला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की एखाद्या बाळाला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या लक्षात यायला किती दिवस लागतील. ती म्हणाली, लगेच कळेल की. नवरा म्हणाला, कळणार नाही, आमच्या कारखान्यातल्या एकाचा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. पोरगं तोंडाकडे बघून हसायचं, दिवा लागला की वळायचं, सगळे म्हणायचे किती हुशार.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कळलं."

"आता बोलतो का?"

नवऱ्यानं खांदे उडवले. "आता त्यानं कारखाना सोडला."

मी पान वाढलेलं तसंच ठेवलं.

मनात जे चाललं होतं ते रकान्यात लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते. कदाचित तिला ऐकू येत असेल. कदाचित कानात पाणीच असेल. बहुतेक बाळांच्या बाबतीत तेच असतं. कदाचित आईनं दुसरीकडे दाखवलं असेल. कदाचित अर्ज केला की शिफारसपत्र मागे घेतील, विद्यापीठ प्रवेश रद्द करील, आणि मुलीचे कान ठणठणीत निघतील. मग मी कशासाठी बोलले? या शेवटच्या वाक्याशी मी पोहोचायची आणि मला जाणवायचं, की तिचे कान चांगले निघावेत असं मला वाटतंय ते तिच्यासाठी नाही.

रकाना ५. रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी झालेला संपर्क

गुरुवार, सकाळी नऊ चाळीस. टेबलावरच्या फोनवरून. मी सांगितलं, हॉस्पिटलमधून बोलतेय, रेकॉर्डची नियमित पडताळणी चालू आहे.

"तुमचं बाळ कसं आहे?"

"कुठलं?" आई म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? दोन आहेत हो आमच्याकडे. तुम्हाला कुठलं हवंय?" मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि एक बाळ तारस्वरात ओरडत होतं. "ही ओरडतेय ना, ही थोरली. हिची सकाळपासून सभा चालू आहे."

"आणि धाकटी?"

"धाकटी गुणाची आहे. तिचा त्रासच नाही. आत्ता बघा, ही इतकी बोंबलतेय आणि ती शेजारी गाढ झोपलीय. दार आपटलं तरी हलत नाही. सासूबाई म्हणतात, एक वादळ आणि एक गाय, बरं झालं, दोन वादळं असती तर काय केलं असतंस."

"त्यांना तुम्ही कुठे दाखवता?"

"घराजवळच्या दवाखान्यात. लसी तिथेच देतो. का?"

मी तिला सांगितलं, की तिला आलेलं पत्र एकाच मुलीचं होतं आणि धाकटीची तपासणी राहिली आहे.

दुरुस्ती: सांगितलं नाही. म्हणाले, "काही नाही, पत्ता बरोबर आहे ना एवढंच." आणि फोन ठेवला. नऊ चव्वेचाळीस.

मामा समोरच्या टेबलाशी दोरा वळत बसले होते. फाइल बांधायचा दोरा ते अजून स्वतः वळतात. त्यांनी वर न बघता विचारलं, "कोणाचं बाळ?"

मी तळातली फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चौथं पान बघितलं, मग संगणकावरची नोंद, मग परत पान. पायांच्या ठशांवर बोट ठेवून एक एक मोजलं, मी मोजलं तसंच.

"कोणी लावली जोडी?"

"मी."

"हं." दोरा बाजूला ठेवला. "घड्याळामुळे फसलीस?"

"घड्याळ आणि वजन."

"मी असतो तर मीही फसलो असतो," मामा म्हणाले. मला बरं वाटायच्या आत त्यांनी पुढचं म्हटलं. "नाही. खोटं कशाला बोलू. मला वजनाचं माहीतच नव्हतं, मी पान काढून बघितलं असतं."

ते मला तेव्हा विद्यापीठ म्हणाले नाहीत.

रकाना ६. विभागप्रमुखांचा अभिप्राय

(हा त्यांनी भरायचा आहे. काय बोलणं झालं ते मी खाली लिहिते. त्यांनी वाचावं, चुकलं असेल तर रेघ मारावी.)

गुरुवार, अकरा. साहेबांच्या टेबलावर पुढच्या आठवड्याच्या तपासणीची तयारी मांडलेली होती. बाहेरचे लोक येऊन आमच्या विभागाला दर्जा देणार आहेत. साहेब माणूस वाईट नाहीत. माझं सगळं ऐकेपर्यंत त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा हलवलं नाही.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"मामांना."

"आईला?"

"नाही."

ते उठले, दार लावलं, परत बसले.

"हे बघा," ते म्हणाले, "मुलीची तपासणी झाली पाहिजे, बरोबर? त्यात आपलं दुमत नाही. मग सोपं आहे. धाकटीची आज नवी नोंद उघडा. आत्ताच नाव घातलं असं समजा. आईला बोलवा, सात महिन्यांची नेहमीची तपासणी म्हणून सांगा. मुलीचं काम होईल, तुमचंही होईल. अर्जाची गरज नाही."

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं सोपं होतं, आणि मी रात्रभर काय काय रचत बसले होते.

"चालेल, साहेब," मी म्हणाले. हेही राहू दिलंय.

खुर्चीवरून उठताना मला पुढचं काम हातांनी दिसायला लागलं. कारकुनाला दिसतं तसं. नवी नोंद उघडायची. नाव, आई, पत्ता. तपासणीची मागणी पाठवायची. ती कान-विभागाच्या यादीत कुठे जाऊन पडेल? त्यांच्याकडे दोन याद्या आहेत. नेहमीची आणि तातडीची. नेहमीच्या यादीत आता तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते. तारखांच्या चिठ्ठ्या माझ्याच टेबलावरून जातात. तातडीच्या यादीत फक्त ती मुलं, ज्यांच्या नोंदीत आधीच्या तपासणीचं 'पुन्हा तपासावे' आहे. नव्या नोंदीत ते नसणार. नवी नोंद कोरी.

"साहेब, पहिला निकाल नसेल तर तिला तीन महिने थांबावं लागेल."

"मी तिकडे सांगून बघतो."

"काय सांगणार?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तातडीचं कारण विचारतील. कारण ते 'पुन्हा तपासावे' आहे. ते तिच्याच नावावर पाहिजे, तेव्हाच्या तारखेनं. आणि ते तिच्या नावावर आणायचं तर नोंद वेगळी करावी लागेल."

"तपासणी पुढच्या आठवड्यात आहे," साहेब म्हणाले. मुलीची नव्हे, आमची.

"हो."

"तुमच्या शिफारशीवर माझी सही आहे."

"हो, साहेब."

"रकाना सात वाचलाय का तुम्ही?"

वाचला होता. चौदा वर्षांत पुष्कळ जणांकडून भरूनही घेतला होता. साहेबांनी खणातून कोरा अर्ज काढला. माझ्याकडे सरकवला नाही, टेबलाच्या मधोमध ठेवला. मी तो उचलला.

रकाना ७. चूक कोणाची (पद लिहावे)

कारकून, रेकॉर्ड विभाग. वर रकाना १ मध्ये आहे तीच.

रकाना ५, पुढे चालू

गुरुवार, बारा दहा. तोच फोन.

"परत तुम्ही? पत्ता बरोबर आहे हो बाई."

"तुमच्याकडे तपासणीचं पत्र आलं होतं ना, कानांचं?"

"आलं होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, धाकटीचं परत बघावं लागेल, पत्र येईल. मग पत्र आलं, सगळं ठीक म्हणून. जपून ठेवलंय."

"ते थोरलीचं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"धाकटीचं पत्र निघालंच नाही. आमच्याकडून चूक झाली. सोमवारी सकाळी दहाला तिला घेऊन या. तातडीच्या यादीत तिचं नाव घालून घेतलंय, कागद सोमवारपर्यंत होतील."

"आमच्याकडून म्हणजे?"

"या," मी म्हणाले. "मी तळमजल्यावर असते. तुम्ही आलात की सांगते." तपासणीबद्दल फोनवर याहून जास्त बोलायची आम्हाला परवानगी नाही. ती परवानगी नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

शुक्रवारी मी गृहपाठ जमा केला. गुडघ्यावाल्या म्हाताऱ्यावर एक रेघ मारली, तो खालून वाचता येतो. त्याच्या बाजूला खरी सत्ताविसावी. तीसमध्ये एक चूक. शेकड्यात तीनहून थोडं जास्त. पाठ्यपुस्तकात लिहिलंय की पाचपर्यंत समाधानकारक. बाईंनी रेघ बघितली, सही बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि वही गठ्ठ्यात ठेवली. शनिवार आणि रविवार कसे गेले ते कोणत्याही रकान्यात विचारलेलं नाही.

रकाना ८. कार्यवाही पूर्ण झाल्याची नोंद

सोमवार, दहा. नोंदी वेगळ्या झाल्या, तिसरी सही नऊ पन्नासला मिळाली. मी कागद घेऊन स्वतः कान-विभागात गेले.

आई बाकावर बसली होती, पंचविशीची असेल. मांडीवर एक, शेजारी सासूबाईंच्या मांडीवर एक. दोन्ही मुली हुबेहूब. एकीच्या पायात पिवळे मोजे, दुसरीच्या पायात हिरवे. मला चार पाय दिसले.

धाकटी हिरव्या मोज्यांची. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाही असं, हळूच चुटकी वाजवली. आईच्या ते लक्षात आलं.

"मीही तीन दिवस तेच करतेय," ती म्हणाली. "ताटं आपटून झाली, पातेली आपटून झाली. सासूबाई म्हणतात, झोपेत कुठलं बाळ ऐकतं. मग जागी असताना आपटली."

"आणि?"

"थोरली रडली."

आतून हाक आली. धाकटीला घेऊन आई आत गेली. त्या खोलीचं दार जाड असतं, आतलं बाहेर काही येत नाही. सासूबाईंनी थोरलीला माझ्याकडे दिलं आणि स्वतः पाणी प्यायला गेल्या. थोरलीनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र धरलं आणि तोंडात घातलं. पंचवीस मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं. ते बरोबर आहे का, हे मी माझ्या मनगटावर दोनदा ताडून बघितलं.

दार उघडलं. कान तपासणाऱ्या बाईंनी निकालाचा कागद माझ्याच हातात दिला, नोंदीत चढवण्यासाठी. तो नेहमी असाच येतो, मी वाचत नाही, चढवते. आज वाचला. दोन्ही कान, मोठे आवाजसुद्धा नाहीत. दुसरी सविस्तर चाचणी या आठवड्यात. यंत्रासाठी माप, तातडीनं.

आईला आत सगळं सांगितलं होतं. ती रडत नव्हती. धाकटीची टोपी तिच्या हातात होती, ती तिची घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती.

"आधी कळलं असतं तर?" तिनं मला विचारलं.

उत्तर द्यायला आतल्या बाई होत्या. ते माझं काम नव्हतं.

"पहिल्या महिन्यात बोलावणं गेलं असतं," मी म्हणाले. "सहा महिने आधी."

"चूक कोणाची होती?"

"माझी. दोघींना एकच बाळ समजून मी नोंदी एकत्र केल्या. कागद काढून बघितला नाही."

सासूबाई परत आल्या होत्या. त्यांनी थोरलीला माझ्या हातातून काढून घेतलं. ओरडून नाही, ओढून नाही, काढून घेतलं. ओळखपत्र ओलं होऊन माझ्या छातीवर परत पडलं.

आईनं टोपी धाकटीच्या डोक्यावर घातली. मग तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"त्याच्यावर अजून बाळच लिहिलंय."

मी बघितलं. होतं. वेगळं करताना जुनंच पुढे आलं होतं: आईचं नाव, आणि बाळ एक, बाळ दोन.

"सात महिने झाले त्यांना नावं ठेवून," ती म्हणाली. "लिहून घ्या. दोघींची."

तिनं सांगितली. मी उभ्याउभ्या, भिंतीला कागद लावून, बाळ या शब्दावर एक रेघ मारली आणि नाव लिहिलं. दुसऱ्या कागदावर दुसरं. वाचून दाखवली. तिनं मान हलवली. मी परत वाचून दाखवली, कोणतं हिरव्या मोज्यांचं ते विचारून घेतलं, आणि तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे. सही करा आता."

वेळ अकरा चार. सही.

कार्यालयीन वापरासाठी

अर्जदाराकडून 'एकत्र करा'ची परवानगी काढून घेण्यात आली आहे. शिफारसपत्राबाबत निर्णय विभागाच्या तपासणीनंतर.

गेल्या हिवाळ्यात अर्जदारानं लावलेल्या जोड्यांपैकी ज्यांत 'बाळ' हा शब्द आहे, त्या सगळ्या मूळ कागदांशी ताडाव्यात, अशी अर्जदाराची विनंती मंजूर.

(खाली पेन्सिलीनं, मामांच्या अक्षरात: पहिल्या चाळीस फाइली टेबलावर ठेवल्यात, विद्यापीठ. डबा खाऊन सुरू करा.)

डबा तसाच आहे. मी पहिल्या फाइलचं चौथं पान काढलंय, आणि पाय मोजते आहे.